५.३८ वरून ४.२७ वर: जुन्या जीपचं क्राऊन-पिनियन बदलताना

जुन्या सीजे-३बी जीपला मुळात ५.३८ चं क्राऊन-पिनियन असतं. क्राऊन-पिनियन म्हणजे प्रॉपेलर शाफ्टची फिरत चाकांकडे वळवणारी ॲक्सलमधली दातेरी जोडी, आणि ५.३८ हा तिचा रेशो: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८. तीन गिअरचा गिअरबॉक्स आणि हरिकेन पेट्रोल इंजिन असताना हे गणित बरोबर होतं. पुढे यातल्या कितीतरी गाड्यांत डिझेल इंजिनं बसली, ॲक्सल मात्र जुनीच राहिली. मग घाटात, चिखलात गाडी सुरेख चालते, आणि महामार्गावर ताशी सत्तरला इंजिन जीव तोडून ओरडतं. हे काम मुख्यतः अशा गाडीचं आहे. खाली दिलेली मापं मागच्या डॅना ४४ (डॅना कंपनीचं ॲक्सलचं मॉडेल) धर्तीच्या ॲक्सलची आहेत. तुमच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हाताशी असेल आणि त्यात वेगळं माप असेल, तर मॅन्युअलचं धरा.

आधी हिशेब

टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, चाक बरोबर एक फेरा होईल इतकी गाडी ढकला आणि कापलेलं अंतर टेपने मोजा. ६.०० × १६ च्या टायरला ते साधारण २.२ मीटर येतं. टायरवर छापलेल्या आकड्यापेक्षा हे माप खरं, कारण भार आणि हवा दोन्ही त्यात येतात.

टॉप गिअर सरळ एकास एक आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) हायमध्ये असेल, तर ताशी ८० ला चाक मिनिटाला ६०६ फेरे घेतं. त्याला रेशोने गुणा. ५.३८ ला इंजिनाचे फेरे ३२६० च्या आसपास येतात, ४.८८ ला २९५५, ४.२७ ला २५९० आणि ३.७३ ला २२६०. जुन्या डिझेल इंजिनाला २६०० ही सुखाची जागा आहे, ३२६० नाही.

मग थेट ३.७३ च का नको? एक कारण ताकदीचं. चढावर टॉप गिअर टिकणार नाही, सारखा खालचा गिअर टाकावा लागेल आणि वाचवलेले फेरे तिथेच परत जातील. दुसरं कारण लोखंडाचं. डॅना ४४ मध्ये क्राऊन ज्यावर बसतो तो डिफरन्शियलचा पिंजरा दोन मापांचा येतो. ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंना एक, ३.९२ आणि त्यावरच्यांना दुसरा. ५.३८ चा पिंजरा ४.२७ ला जसाच्या तसा चालतो, ३.७३ ला चालत नाही. पिंजरा बदलायचा म्हटलं की साइड गिअरचे स्प्लाइन (लांबीत कापलेल्या खाचा) शाफ्टशी जुळायला हवेत. जुन्या शाफ्टना १० किंवा १९ स्प्लाइन असतात, नंतरच्यांना ३०. खर्च आणि डोकेदुखी दोन्ही दुप्पट.

मूळ पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीला आमचा सल्ला साफ आहे: हात लावू नका. पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवलेला असेल तरी थांबा. पाचवा गिअर ०.८ च्या आसपास असेल तर ५.३८ गुणिले ०.८ म्हणजे ४.३. जे हवं ते तुमच्याकडे आधीच आहे, शिवाय पहिल्या गिअरची ताकदही शाबूत आहे.

मोठे टायर टाकणाऱ्यांचा हिशेब उलटा. ४.२७ ची गाडी २८ इंची टायरवरून ३१ इंचीवर नेली की रेशो ३.८६ असल्यासारखी वागते. पूर्वीचं वागणं परत हवं तर ४.७३ लागेल. ते मिळत नाही, म्हणून ४.८८.

काय हातचं जातं

लो रेंजमधली ताकद. तीन गिअरच्या टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.७९८, ट्रान्स्फर केसची लो २.४६. दोन्ही ५.३८ ने गुणले तर ३७ येतात, ४.२७ ने २९.४. दगडांतून रांगत जाताना हा फरक पायाला कळतो.

हँडब्रेक. हे फारसं कुणी सांगत नाही. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो, म्हणजे त्याची पकड चाकापर्यंत ॲक्सलच्या रेशोने गुणून पोचते. रेशो ५.३८ चा ४.२७ केला की तोच ड्रम, तेच लायनर, आणि पकड २० टक्क्यांनी कमी. आधीच जेमतेम धरणारा हँडब्रेक नंतर घाटात गाडी धरणार नाही. लायनर याच कामात बदलून घ्या.

स्पीडोमीटर. त्याची केबलही ट्रान्स्फर केसवरूनच निघते. गाडी ८० ने जात असताना काटा ६४ दाखवेल. केबलच्या टोकाची छोटी स्पीडो पिनियन बदलेपर्यंत जीपीएस बघून चालवा.

पुढचं-मागचं एकच हवं

फोर-व्हीलमध्ये या गाडीचा पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्ये घट्ट जोडला जातो, मध्ये डिफरन्शियल नसतं. फक्त मागचा रेशो बदलून फोर-व्हील टाकलं, तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि सर्वात कमजोर भाग तुटतो. तो बहुतेक वेळा जॉइंटचा क्रॉस असतो, कधी ट्रान्स्फर केसचा गिअर. म्हणून दोन्ही ॲक्सलचे संच हातात आल्याशिवाय एकही ॲक्सल उघडू नका. एकच ॲक्सल होऊन काम अडकलं तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून ठेवा, म्हणजे चुकून लिव्हर ओढला तरी नुकसान नाही.

आत्ता कोणता रेशो आहे ते न उघडता कळतं. ट्रान्स्फर केस न्यूट्रलला घ्या, मागची दोन्ही चाकं उचला, एक चाक कुणाला तरी घट्ट धरायला लावा आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्ट जितके फेरे घेईल तो तुमचा रेशो. पाच पूर्ण आणि तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त म्हणजे ५.३८. चार आणि पावपेक्षा जरासा जास्त म्हणजे ४.२७. पुढेही तेच करून बघा. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय काय केलंय याचा भरवसा नसतो.

संच घेताना

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, असे सुट्या भागांचे बाजार फिरताना खडू, व्हर्निअर आणि बॅटरी सोबत ठेवा. दुकानदाराने पेनने लिहिलेल्या रेशोवर विसंबू नका, दात मोजा. ४.२७ म्हणजे क्राऊनला ४७, पिनियनला ११.

मग पिनियनच्या डोक्याचा सपाट भाग कापडाने पुसून उजेडात तिरका धरा. तिथे बारीक कोरलेले दोन आकडे असतात. एक जोडीचा क्रमांक, तो क्राऊनच्या कडेवरही तंतोतंत तोच हवा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जोडी म्हणून निघतात. वेगवेगळ्या जोडीतले दोन नवेकोरे भागसुद्धा एकत्र आयुष्यभर घरघरतील. दुसरा आकडा अधिक किंवा वजा चिन्हाचा, +२, −३ असा. तो पिनियनच्या खोलीचा आहे, पुढे लागणार आहे, लिहून ठेवा.

जुना संच घेत असाल तर प्रत्येक दातावरून नख फिरवा. खड्डे, टवके किंवा दाताच्या टोकाला निळसर जळकी झाक दिसली तर परत ठेवा. पिनियनचे स्प्लाइनही मोजा. जुन्यांना १० जाड, नंतरच्यांना २६ बारीक. तुमचा योक (पिनियनला प्रॉपेलर शाफ्ट जोडणारा भाग) जुळत नसेल तर त्या पिनियनचा योक तिथेच मागून घ्या, नंतर तो सापडत नाही.

प्रत्येक ॲक्सलला हे लागेल: पिनियनच्या दोन बेअरिंगा कपांसकट, पिंजऱ्याच्या दोन बेअरिंगा कपांसकट, पिनियनचं ऑइल सील, पिनियनचा नवा नट, क्राऊनचे नवे बोल्ट (मागे १०), शाफ्टची सीलं, झाकणाचं गॅस्केट आणि शिमांचे (मापाच्या पातळ चकत्यांचे) संच. शिम ३, ५, १० आणि ३० थाऊच्या घ्या. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिमी. शिमांमध्ये कंजुषी केलीत तर रविवारी दुपारी काम अडतं आणि दुकानं बंद असतात. ऑइल जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९०, चार लिटर पुरे. हे ऑइल जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका, त्यातल्या पितळी रिंगांना जीएल-४ लागतं.

हत्यारांत तीन गोष्टींना पर्याय नाही: चुंबकी स्टँडसह डायल गेज, ३०० न्यूटन-मीटरपर्यंतचा टॉर्क रेंच आणि मायक्रोमीटर. हायड्रॉलिक प्रेस आणि बेअरिंग पुलर भाड्याने किंवा जवळच्या लेथवाल्याकडे भागतो. डायल गेजशिवाय "हाताच्या अंदाजाने" बॅकलॅश (क्राऊन-पिनियनच्या दातांमधली मोकळी चाळ) लावून देणारे मिस्त्री आहेत. त्यांचा अंदाज कधी कधी बरोबरही निघतो.

मागचं ॲक्सल उघडणं

गाडी सपाट जागी, चासीखाली घोडे, पुढच्या चाकांना ओंडके. नुसत्या जॅकवर हे काम करू नका, इथे जोर लावून ओढाताण होते.

चाकं आणि ड्रम काढा. शाफ्ट टेपर पद्धतीचे असतील तर हब चावीने टेपरवर बसलेला असतो. नट दोन आटे सैल करून तसाच ठेवा, मग पुलर लावा. हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज करून उडतो आणि तो नटच त्याला अडवतो. शाफ्टच्या टोकावर घण मारू नका. दोन्ही शाफ्टच्या मध्ये, पिंजऱ्यात, एक छोटा ठोकळा असतो. घणाचा मार थेट त्याच्यावर आणि बेअरिंगवर जातो. ब्रेकच्या बॅकप्लेटमागे पातळ शिमा निघतील. डाव्या बाजूच्या डाव्या पिशवीत, उजव्या बाजूच्या उजव्या. शाफ्टची आडवी चाळ त्यांच्यावर ठरते.

झाकण काढून ऑइल गाळा. तळाशी काळा चिखल असणारच. त्यात चकाकणारे तुकडे असतील तर ते कशाचे आहेत ते शोधा. संच सोडवण्याआधी त्याचा बॅकलॅश डायल गेजने मोजून लिहा. मग बेअरिंग कॅपवर पंचने खुणा करा. कॅप हाऊसिंगसोबतच बोअर केलेल्या असतात, डावी-उजवी किंवा उलट-सुलट झाली तर बेअरिंग गोल राहत नाही.

पिंजरा बाहेर काढायला स्प्रेडर वापरलात तर हाऊसिंग अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे फाकवू नका, ते परत येणार नाही. स्प्रेडर नसेल तर दोन पहारींनी, लाकडाचे तुकडे टेकवून, दोन्हीकडून सारखा जोर देत काढता येतो. पिनियन बाहेर आली की आतल्या बेअरिंगच्या कपामागच्या शिमा अखंड राहतील याची काळजी घ्या. मायक्रोमीटरने त्यांची जाडी मोजा. हा आकडा आख्ख्या कामाचा पाया आहे.

पिनियन: खोली आणि घट्टपणा

जुन्या शिमांच्या जाडीपासून सुरुवात करा आणि दोन्ही पिनियनवरच्या आकड्यांचा फरक लावा. नव्या पिनियनचा आकडा जुनीपेक्षा जितका कमी, तितके थाऊ वाढवा. जितका जास्त, तितके काढा. उदाहरण: जुनी शिम ३५ थाऊ, जुन्या पिनियनवर +२, नवीवर −१. फरक ३. म्हणजे ३८ थाऊपासून सुरू करा. जुन्या पिनियनवरचा आकडा पुसला गेला असेल तर जुनी जाडी ठेवा, पुढे दातांवरची खूण काय ते सांगेल.

बेअरिंग काढ-घाल करताना मोडतात, म्हणून जुनीच बेअरिंग कामाला लावा. तिचं आतलं भोक एमरीने इतकंच घासा की ती हाताने सरकेल. जुळवाजुळव या बेअरिंगवर करायची, माप ठरलं की नवी प्रेस करायची. पिंजऱ्याच्या दोन बेअरिंगांनाही हीच युक्ती. पहिल्यांदा करणाऱ्याचे निम्मे कष्ट इथे वाचतात. एकच पथ्य: नव्या बेअरिंगची जाडी जुनीशी मायक्रोमीटरने ताडून बघा, फरक असेल तर तो शिमेत धरा.

पिनियनच्या बेअरिंगांचा घट्टपणा दुसऱ्या शिमांवर ठरतो. त्या बाहेरच्या बेअरिंगमागे, पिनियनच्या खांद्यावर बसतात. त्या काढल्या की घट्ट, वाढवल्या की सैल. ऑइल सील न लावता योक बसवून नट २७० ते ३०० न्यूटन-मीटरला आवळा. योकला चार फुटी पट्टी बोल्ट करा, नाहीतर तो फिरत राहील. मग योकभोवती दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने हळू ओढा. नव्या बेअरिंगला २.३ ते ४.५ न्यूटन-मीटर हवेत. दोरी मध्यापासून ५ सेंमीवर असेल तर काटा साधारण ५ ते ९ किलो दाखवायला हवा. पिनियन फिरायला लागतानाचा झटका मोजू नका, एकसारखी फिरत असतानाचा आकडा घ्या. कमी असेल तर ३ थाऊ काढा आणि परत आवळा. चार-पाच वेळा हे होणार.

नट थोडा सैल ठेवून घट्टपणा "जमवणं" ही इथली सर्वात महागडी चूक आहे. आज आकडा बरोबर दिसतो, हजार किलोमीटरनंतर नट ढिला होतो, पिनियन मागेपुढे सरकते आणि दात खाते.

क्राऊन आणि बॅकलॅश

क्राऊन पिंजऱ्यावर सहज बसत नाही. शंभर अंशांच्या आत, गरम पाण्यात किंवा ओव्हनमध्ये, तापवून कोरडा करून बसवा. गॅसची ज्योत लावली तर पाणी दिलेले दात मऊ पडतात. बसण्याच्या जागेवरचा बारीक खरवडा आधी दगडाने काढा. बोल्टना लाल थ्रेडलॉक लावून, समोरासमोरचे घेत, टप्प्याटप्प्याने ६० ते ८० न्यूटन-मीटर.

पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिमा दोन कामं करतात. एकूण जाडी घट्टपणा ठरवते, डावी-उजवी वाटणी बॅकलॅश ठरवते. आधी पिनियनशिवाय पिंजरा ठेवून आडवी चाळ शून्य होईल इतक्या शिमा मोजा. मग पिनियन लावून बॅकलॅश जुळवा. अगदी शेवटी, नव्या बेअरिंगा बसवताना, घट्टपणासाठी मॅन्युअल सांगेल तेवढ्या, साधारण ८ ते १५ थाऊ, जादा घाला. कॅपचे बोल्ट ९५ ते १२० न्यूटन-मीटर.

बॅकलॅश ५ ते ९ थाऊ, म्हणजे ०.१३ ते ०.२३ मिमी. डायल गेजची सुई क्राऊनच्या दाताला काटकोनात टेकवा, पिनियन धरा, क्राऊन हलवा. चार जागी मोजा. जागोजागी ३ थाऊपेक्षा जास्त फरक आला तर क्राऊन वाकडा बसलाय, खाली कचरा अडकलाय. एका बाजूची ३ थाऊची शिम दुसऱ्या बाजूला नेली की बॅकलॅश साधारण २ थाऊने बदलतो. वापरलेल्या संचाला मात्र तो ज्या बॅकलॅशवर चालत होता तोच द्या.

दातांवरची खूण

मार्किंग पेस्ट नसेल तर शेंदूर तेलात घट्ट कालवून चालतो. त्यात शिसं असतं, हात साबणाने धुवा, काम करताना खाऊ-पिऊ नका. क्राऊनच्या सात-आठ दातांना दोन्ही बाजूंनी पातळ थर द्या. क्राऊनवर लाकडी फळीने दाब देऊन पिनियन पुढे-मागे फिरवा, म्हणजे भाराखालची खूण उमटेल.

जिथे दात घासले तिथला रंग निघून लंबगोल ठसा दिसतो. तो दाताच्या उंचीच्या मधोमध हवा. ठसा मुळाशी दबलेला असेल तर पिनियन जास्त आत गेली आहे, शिम कमी करा. शेंड्याकडे सरकला असेल तर पिनियन मागे आहे, शिम वाढवा. एका वेळी ३ ते ५ थाऊ. खोली बदलली की बॅकलॅशही हलतो, तो परत जुळवा, परत रंग लावा. ठसा दाताच्या लांबीत थोडा आत किंवा बाहेर असेल तर नव्या संचात घाबरायचं कारण नाही, उंचीत चूक मात्र खपवू नका. नवशिक्याला पाच-सहा फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीचे शिम, बॅकलॅश आणि दातांचा मोबाइलवर फोटो ठेवा, चौथ्या फेरीनंतर डोक्यात काही राहत नाही.

पुढचं ॲक्सल

रीत तीच, भाग लहान. क्राऊन, बेअरिंगा आणि मापं मागच्याशी बदलून चालत नाहीत. शाफ्ट काढायला फ्लँज किंवा लॉकिंग हब, व्हील बेअरिंग आणि स्पिंडल सोडवा, मग जॉइंटसकट शाफ्ट सरळ ओढा. आतलं सील खरचटलं की ॲक्सलचं ऑइल गोळ्यात (चाक वळतं त्या टोकाच्या पोकळ गोळ्यात) उतरून तिथलं ग्रीस पातळ करतं, म्हणून शाफ्ट घालताना तो खालून हाताने तोला.

पुढे जाताना पुढच्या ॲक्सलमध्ये जोर दातांच्या उलट्या बाजूवर येतो. त्यामुळे तिथे ठसा दोन्ही बाजूंनी बघा. मागच्या ॲक्सलच्या सवयीने एकच बाजू बघून बंद केलेलं ॲक्सल फोर-व्हीलमध्ये रडतं.

बंद करून चालवणं

सील तेल लावून बसवा. योकवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सीलही गळेल, योक बदला. टेपर हबचा नट किमान २०० न्यूटन-मीटर, मग पिन. पिनचं भोक जुळत नसेल तर अजून आवळा, सैल करू नका. सैल हब चावी कापतो आणि चाक जागेवर राहून शाफ्ट फिरतो. ऑइल लेव्हल प्लगमधून सांडेपर्यंत भरा.

पहिल्यांदा २५-३० किलोमीटर निवांत चालवून अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा. ॲक्सल कोमट-गरम होणार, पण हात टेकवताच मागे घ्यावा लागला तर घट्टपणा जास्त आहे. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर नाही, पूर्ण भार नाही. मग ऑइल बदला. पहिल्या ऑइलमधली चंदेरी भुकटी नेहमीची, कण बोटाला टोचले तर झाकण उघडा.

आवाजावरून बरंच कळतं. ॲक्सिलरेटर दिल्यावरच हूंऽऽ येतो आणि पाय काढला की थांबतो, तर पिनियनची खोली बघा. सगळ्या वेगांत सारखी घरघर, पाय ठेवा किंवा काढा, तर बेअरिंग. गिअर टाकताना मागून ठण्ण होत असेल तर बॅकलॅशला दोष देण्याआधी शाफ्टचे क्रॉस हलवून बघा, जुन्या जीपमध्ये दहातले बरेच ठण्ण तिथूनच येतात.